ओएनजीसीची अप्रेंटिसशिप: खान्देशातल्या पोरांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

ओएनजीसी या समुद्रातून तेल-वायू काढणाऱ्या सरकारी कंपनीच्या अप्रेंटिसशिपची, म्हणजे विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणाची, जाहिरात आली की आमच्या सेतू केंद्रावर फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्या पोरांची रांग लागते. मागे उभ्या आईचा प्रश्नही ठरलेला: "मना पोर्‍याले समुद्रमा धाडतीन का?" त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी कागद, कारण पोरं गुणांपेक्षा कागदावर जास्त मार खातात.

वय साधारण 18 ते 24. ओबीसींना 3 आणि एससी-एसटींना 5 वर्षांची सूट. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीतच छापलेलं असतं, अर्ज भरल्याचा दिवस धरू नका. परीक्षा नाही, आयटीआयच्या किंवा पदवी-पदविकेच्या गुणांवर यादी लागते. अर्जाला शुल्क नाही. "पाचशे द्या, नाव लावून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

पहिली ठेच पोर्टलवर लागते. आयटीआयवाल्यांनी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची, पदवी-पदविकावाल्यांनी 'नॅट्स' या त्यांच्यासाठीच्या वेगळ्या सरकारी पोर्टलवर. नोंदणी क्रमांक हातात पडला की पोरं निर्धास्त घरी जातात. अरे बाबांनो, ती फक्त नोंदणी! त्यानंतर त्याच पोर्टलवर आस्थापना, म्हणजे ओएनजीसी, शोधून, प्रशिक्षणाचं केंद्र आणि ट्रेड निवडून वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यामुळे, मुदत संपल्यावर "माझं नाव यादीत का नाही" असं विचारत येणारे मी दर वर्षी पाहतो. पूर्वी कुठे अप्रेंटिस कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण केली असेल तर पुन्हा मिळत नाही. लपवून उपयोग नाही, जुना करार पोर्टलवर दिसतो.

आता जातीचा दाखला. इथे जरा सावकाश वाचा.

ओएनजीसी केंद्र सरकारची कंपनी आहे, त्यामुळे ओबीसींचा राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. त्याआधी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या महाराष्ट्राच्या यादीत आपली जात आहे का ते बघा. राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. चाळीसगाव, जामनेरकडच्या तांड्यांवरची बंजारा पोरं, वंजारी आणि धनगर पोरं अर्जात 'एनटी'चा (भटक्या जमातींचा) रकाना शोधत बसतात. केंद्रात तो रकानाच नाही. या जाती तिथे ओबीसीत येतात. रकाना सापडला नाही म्हणून एकाने एसटीवर टिक केली होती. पडताळणीत अर्ज बाद झाला. आणि मराठा समाजाचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला हा राज्यापुरता आहे, इथे त्याचा उपयोग नाही.

उत्पन्नाचा घोळ तर विचारू नका. रावेर-यावलकडचा केळीवाला बाप म्हणतो, "आमचं आठ लाखांच्या वर जातं, दाखला मिळणार नाही." पण केंद्राच्या नियमात ही आठ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पगारही धरत नाहीत. बाकीचं उत्पन्न सलग तीन वर्षं मर्यादेवर गेलं तरच प्रश्न येतो. शेतीसाठी निकष वेगळा आहे, तो बागायती जमीन कमाल मर्यादेच्या किती टक्के आहे यावर ठरतो. आईबाप वर्ग एकचे अधिकारी असतील तर गोष्ट वेगळी. तरीही टेबलावरचा बाबू कपाशी-केळीची बेरीज करून अर्ज परत पाठवतो. नियमाची प्रत छापून सोबत न्या, वाद घालू नका, लेखी उत्तर मागा. आणि हे जाहिरात यायच्या आधी करा. मुदतीच्या आत दाखला हातात पडेल या भरवशावर राहू नका.

नावाचंही तेच. दहावीच्या सनदेवर 'पाटील सागर दिलीप', आधारवर 'सागर दिलीप पाटिल', आयटीआयच्या प्रमाणपत्रावर बापाचं नाव गायब. आधार दहावीच्या सनदेप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि बँक खातं आधारला जोडा. विद्यावेतनातला सरकारचा वाटा त्याच खात्यात येतो, दुसऱ्या नाही.

प्रशिक्षणाचं केंद्र निवडताना नकाशा बघा. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचा शोध 1974 साली 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या रिगने लावला, 1976 पासून तिथून तेल निघतं. पण समुद्रातल्याच वसई वायुक्षेत्रातला वायू समुद्राखालच्या वाहिनीतून सुरतेजवळ हजिऱ्याला येतो, आणि नंदुरबारच्या पोराला मुंबईजवळच्या उरणच्या केंद्रापेक्षा हजिरा जवळ. रहिवासाची अट असेल तर ती मात्र आधी वाचा.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. अप्रेंटिसचं शिकणं बहुतेक करून किनाऱ्यावरच होतं. वर्ष संपलं की प्रमाणपत्र मिळतं, नोकरीची हमी नाही. समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर पोरं जातात ती बहुधा नंतर, ठेकेदाराकडून. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि सागरी बचावाचं प्रशिक्षण लागतं; त्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायचा सराव असतो. ते प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. मुदत संपण्याआधी उजळणी केली तर छोट्या कोर्सवर भागतं. एक दिवस जरी उलटला तरी पूर्ण कोर्स पुन्हा, खर्चासकट. पोहता येत नाही म्हणून हे प्रमाणपत्र विकत घेणारे भेटतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पी-305 तराफा बुडाला, 70 हून अधिक माणसं गेली. समुद्रात उतरायची वेळ आली तर विकत घेतलेला कागद पोहत नाही, म्हणून हा कोर्स तरी स्वतः पाण्यात उतरून करा.