विचित्र विवरे आणि त्यांच्याविषयीचे तर्क : पार्श्वभूमी

विवराच्या, म्हणजे ग्रह-उपग्रहांच्या पृष्ठभागावरील खळग्याच्या, आकारावरून त्याचे कारण ओळखण्याच्या जुन्या प्रयत्नांपैकी सर्वांत उद्बोधक प्रयत्न रॉबर्ट हूक यांचा आहे. १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी चंद्रावरील विवरांसाठी दोन प्रयोग नोंदवले : ओल्या चिकणमातीत बंदुकीची गोळी टाकणे आणि अलाबास्टर या मऊ दगडाची भुकटी तापवून तिच्यातून बुडबुडे फुटू देणे. दोन्ही रीतींनी चंद्रासारखेच खळगे उमटले. लघुग्रहांचा तेव्हा कोणालाच पत्ता नसल्यामुळे चंद्रावर आदळणारे पिंड येणार कोठून, हा प्रश्न त्यांना अडला आणि त्यांनी आतून होणाऱ्या उद्रेकाच्या बाजूने कौल दिला. निष्कर्ष चुकला, पण हाती असलेल्या माहितीवर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

ज्वालामुखीचे मत पुढे दीर्घकाळ टिकले, आणि त्याचा मुख्य आधार विवरांचा गोलपणा हा होता. तिरप्या आघाताने लांबट खड्डा पडायला हवा, मग जवळजवळ सगळी विवरे गोल कशी? ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९० च्या दशकात चंद्रविवरांसाठी आघाताची बाजू घेतली, तेव्हा त्यांनाही या प्रश्नासाठी खास रचना कल्पावी लागली. उत्तर वेगात दडलेले होते. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणाऱ्या पिंडाची ऊर्जा स्फोटासारखी मोकळी होते आणि स्फोटाचा खड्डा दिशा जुमानत नाही, हे एर्न्स्ट ओपिक यांनी १९१६ मध्ये व ए. सी. गिफर्ड यांनी १९२४ मध्ये दाखवले. त्यामुळे लांबट विवर हाच अपवाद ठरला. पुढे प्रयोगशाळेतील चाचण्यांत असा आकार पृष्ठभागाला अगदी घासून जाणाऱ्या आघातांतच दिसून आला.

मंगळाने वेगळे कोडे घातले. व्हायकिंग यानांनी १९७६ पासून पाठवलेल्या छायाचित्रांत यूटीसारख्या विवरांभोवती चिखल उडून पसरल्याप्रमाणे पाकळ्यांचे थर दिसले. जमिनीतील बर्फ वितळून मलबा वाहिला, असे एक मत पुढे आले. विरळ हवेत अडकलेल्या धुळीमुळेही असे थर पडू शकतात, असे दुसरे. नुसत्या आकारावरून हा वाद मिटण्यासारखा नव्हता. २००८ मध्ये मंगळावरील ताज्या, लहान विवरांच्या तळाशी उघडे पडलेले पांढरे बर्फ दिसले, तेव्हा पहिल्या मताला स्वतंत्र आधार मिळाला. हवेचा वाटा मात्र त्याने नाकारला जात नाही.

गुरूच्या कॅलिस्टो या उपग्रहावरील विवरांच्या सरळ रांगांची उकल तर जवळजवळ योगायोगाने झाली. व्हॉयेजर यानांनी १९७९ मध्ये टिपलेल्या या रांगांना समाधानकारक कारण मिळत नव्हते. १९९३ मध्ये गुरूच्या ओढीने तुकडे झालेला शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू सापडला आणि माळेसारखे एकामागोमाग जाणारे पिंड प्रत्यक्षच समोर आले; अशी माळ आदळली की विवरांची रांग उमटणार, हे उघड झाले.

बुधावरील प्रकरण अजून मिटलेले नाही. मेसेंजर यानाने २००८ मध्ये कॅलोरिस या आघाताने बनलेल्या विशाल खोलगट प्रदेशाच्या मध्यभागी शंभराहून अधिक भेगांचे जाळे पाहिले आणि त्याच्या केंद्राजवळ अपोलोडोरस हे सुमारे ४० किलोमीटर व्यासाचे विवर आढळले. भेगा त्या आघातामुळे पडल्या, की आधीच असलेल्या भेगांवर पिंड येऊन आदळला, याबाबत मतभेद आहेत. विवर नेमके केंद्रात नसून थोडे बाजूला आहे, त्यामुळे दुसरे मत मला अधिक पटते.