तळं तेच, पिल्लू आपलं : ‘एका तळ्यात होती’ची पार्श्वभूमी

‘एका तळ्यात होती बदके पिले सुरेख’ हे गाणं आपल्याकडे इतकं घरचं झालंय, की त्याचं मूळ डेन्मार्कमध्ये आहे हे सांगितलं तर पुष्कळांना नवल वाटतं. गाणं ‘सुखाचे सोबती’ या १९५८ सालच्या चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसले यांचा. चित्रपट आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. गाणं मात्र अंगणवाडीपासून गॅदरिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येतं.

मूळ कथा हान्स ख्रिश्चन अँडरसनची ‘कुरूप पिल्लू’ (इंग्रजीत ‘द अग्ली डकलिंग’). १८४२च्या उन्हाळ्यात तो डेन्मार्कमधल्या ब्रेगेंतवेदच्या जहागिरीत पाहुणा म्हणून राहिला होता. तिथे ती सुचली आणि १८४३च्या नोव्हेंबरात कोपनहेगनला छापून आली. अँडरसनचे वडील ओडेन्स गावातले गरीब मोची होते, आई लोकांचे कपडे धुवायची. चौदाव्या वर्षी नट व्हायला म्हणून पोरगा एकटाच राजधानीत आला. उंच, हडकुळा, बेढब. तो जिथे जाई तिथे लोक हसत. कथेतही बदकांच्या वाड्यातल्या त्या पिल्लाला पायाला लाल चिंधी बांधलेली मानकरी बदकीण नाक मुरडते, पुढे म्हातारीच्या घरातली कोंबडी ‘तुला अंडी घालता येतात का?’ म्हणून उलटतपासणी घेते. हे लिहिणाऱ्याने ते स्वतः सोसलेलं होतं, हे वाचताना कळतं.

अँडरसनची कथा चांगली लांबलचक आहे आणि ती रानातली आहे. दलदलीत शिकारी येतात, पिल्लाशी नुकतीच ओळख झालेले दोन रानकादंब (गूज पक्षी) त्याच्या डोळ्यांदेखत गोळी लागून पडतात. हिवाळ्यात ते तळ्याच्या बर्फात गोठतं, एक शेतकरी बर्फ फोडून त्याला वाचवतो. हे सगळं गदिमांनी सोडून दिलं. शिकारी नाही, म्हातारी नाही, बर्फ तर नाहीच. चार कडव्यांच्या आत एक तळं, भावंडं, बोट दाखवून हसणारे लोक आणि ‘स्वतःशी’ रडणारं एक पिल्लू, एवढंच उरलं. याला मी भाषांतर म्हणणार नाही. गोष्ट पुरती पचवून ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली आहे.

एक शब्द पाहा. डॅनिश शीर्षकात पिल्लू नुसतं कुरूप आहे. गदिमांनी ते ‘कुरूप वेडे’ केलं. वेडं म्हणजे हिणवणं, पण ‘वेडं माझं’ म्हणून आई तोच शब्द वापरून जवळही घेते. चिडवणं आणि माया एकाच शब्दात आली आणि पिल्लू आपलं झालं. चालही ओळखीची आहे. वृत्त आनंदकंद, म्हणजे ‘सारे जहाँ से अच्छा’ची लय. त्यामुळे चाल न शिकवताही मुलं ते ठेक्यात म्हणतात.

दुसरा मोठा बदल पक्ष्यात. डेन्मार्कचा हंस लांब मानेचा, पांढराशुभ्र, तिथल्या तळ्यांवर रोज दिसणारा. १९८४पासून तर तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच. भिगवणला किंवा नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात हिमालय ओलांडून जे थवे उतरतात, त्या पट्टकादंबालाही राजहंस म्हणायची पद्धत आहे, पण तो करड्या रंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातला राजहंस पांढरा, लाल चोचीचा आणि लाल पायांचा. मराठी कानाला मात्र राजहंस म्हटलं की मानससरोवर आठवतं, दूध आणि पाणी वेगळं करणारा विवेक आठवतो. तो शब्द वापरला, की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटाकडे तर दोघांच्या वाटा अगदीच वेगळ्या होतात. अँडरसनचं पिल्लू हंसांपुढे मान खाली घालतं, कारण ते आपल्याला मारणार अशी त्याची खात्री असते. त्या वाकण्यातच त्याला पाण्यात आपलं रूप दिसतं. मग बाकीचे हंस त्याला चोचीने कुरवाळतात, काठावरची मुलं पाव टाकतात, सगळ्यांत देखणा हाच म्हणतात. गदिमांच्या पिल्लाजवळ त्या क्षणी कुणीच नाही. ते पाण्यात ‘चोरूनिया क्षणैक’ बघतं. चोरून! इतकी टोचणी खाल्लेलं पोर आरशात सरळ बघणार नाही, हे कवीला माहीत होतं. कौतुक करायलाही कुणी येत नाही. ज्याचं त्याला कळतं आणि गाणं तिथेच थांबतं.

अँडरसनने कथेला आधी हंसाच्या पिल्लावरून नाव द्यायचं योजलं होतं, पण शेवटची गंमत जाईल म्हणून बदललं. गदिमांनीही राजहंस हा शब्द अखेरच्या ओळीपर्यंत राखून ठेवला. प्रत्येक कडव्यानंतर ‘पिल्लू तयांत एक’ म्हणताना तो ‘एक’ म्हणजे कळपातून वगळलेला एकटा. शेवटी ‘तो राजहंस एक’ येतं, तेव्हा यमक तेच असतं, शब्दही तोच असतो.