कॉफी मेकर आणि विजेचं बिल

फोंड्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी कॉफी मेकर माळ्यावर टाकलाय. कारण? ‘८०० वॅटचं यंत्र, बिल फाडून काढतं.’ हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे.

वॅट म्हणजे वीज ओढण्याचा वेग. बिल येतं युनिटचं, म्हणजे १००० वॅट तासभर चालले तर १ युनिट. चार कप कॉफी उतरायला सहा मिनिटं धरा: ८०० वॅटने ०.०८ युनिट. सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला पाच युनिटही होत नाहीत. पंधरा लिटरचा गीझर साधारण २७ अंशांचं पाणी ६० अंशांवर नेताना एकदाच अर्ध्या युनिटहून जास्त खातो, म्हणजे कॉफीची सातेक भांडी! पण गीझरला कुणी नावं ठेवत नाही.

खरी गळती वेगळीच आहे. कॉफी उतरल्यावरही खालची गरम प्लेट चालू राहते. तापमान राखायला ती मधूनमधून वीज घेते. सरासरी ७० वॅट धरले, तरी दोन तासांत ०.१४ युनिट, म्हणजे कॉफी करण्यापेक्षा जास्त. शिवाय कॉफी कडवट होते ती वेगळीच. उतरली की थर्मासमध्ये ओता, बटण बंद करा.

पटत नसेल तर बाकी सगळं बंद करून मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक) लिहिलं असेल, तर एका भांड्याला अडीचशेच्या आसपास लुकलुक होईल.

वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग गीझर बंद करू?’