उपाशीपोटी ब्रह्मगिरीची फेरी आणि मेंदूचा ऊर्जेचा हिशोब

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या फेरीसाठी नाशिकची माणसं रविवारी रात्रीच त्र्यंबकला निघतात. छोटी फेरीसुद्धा 20 किलोमीटरच्या घरात जाते. चिखल, चढउतार आणि अनेकांच्या पोटी उपास. चालतात पाय, पण हिशोब मेंदू सांभाळतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतली 20 टक्के तोच खातो. त्याला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. ग्लुकोज म्हणजे आपली द्राक्षशर्करा. मेंदूकडे तिचा साठा जवळजवळ नसतो. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात असते ती साधारण 100 ग्रॅम. स्नायूंतला साठा मोठा असला तरी तो रक्तात परत येत नाही. चरबीपासून बनणारे केटोन मेंदूला भरीव आधार देऊ लागतात ते दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर, त्यामुळे एका रात्रीच्या फेरीचा भार मुख्यतः यकृतावरच पडतो.

पेशीला तंगी कळते कशी? पेशीचं चलन एटीपी. ते खर्ची पडलं की एडीपी उरतो. ओढाताण वाढली की दोन एडीपी मिळून एक एटीपी पुन्हा उभं करतात आणि बाजूला एक एएमपी पडतो. खरी गंमत इथे आहे. एडीपीचं एटीपीशी असलेलं प्रमाण दुप्पट झालं, की एएमपीचं प्रमाण जवळपास चौपट होतं. म्हणून पेशी शिल्लक मोजत बसत नाही, एएमपीवर नजर ठेवते. तो एएमपीके नावाच्या विकराला चिकटला की ते जागं होतं. स्नायूत ते चरबी जाळायला लावतं आणि नवी चरबी बनवणं थांबवतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये मात्र तेच विकर भूक वाढवतं. एकच खटका, पण एकीकडे खर्च भागवण्याची सोय, तर दुसरीकडे आवक वाढवण्याची हाक!

या हिशोबात बाहेरचे निरोपही धरले जातात. रिकाम्या जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक येतं आणि हायपोथॅलॅमसमधलं एएमपीके चढवतं. चरबीतून येणारं, 1994 मध्ये सापडलेलं लेप्टिन ते उतरवतं. उपासात लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं, म्हणून पहाटेच्या चढावर भूक दुप्पट वाटते.

निरोगी माणसात रक्तशर्करा डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली सरकू लागली की ती पुन्हा वर चढवणारी ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं सुटतात. घाम, थरथर, छातीत धडधड ही त्याचीच लक्षणं. 54 च्या खाली मेंदूच अडखळतो: बोलणं तुटतं, माणूस चिडतो, रस्ता चुकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांत हा बचाव फसतो, कारण शर्करा उतरली तरी औषध थांबत नाही. वारंवार शर्करा उतरत असेल तर मेंदू त्याला सरावतो आणि इशारा उशिरा देतो. रक्तदाब-हृदयविकारासाठीची बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याला धडधड, थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. तेवढी खूण लक्षात ठेवावी. अशांनी उपास आणि फेरी एकत्र करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, परस्पर गोळी बंद करू नये.

वाटेत शर्करा उतरलीच तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर, नाहीतर चहाचे 3-4 सपाट चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी. 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, 70 च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. साबुदाण्याची खिचडी इथे कामाची नाही, तिच्यातल्या तुपा-शेंगदाण्यामुळे शोषण रेंगाळतं. बेदाणेही नंतर. त्यातली जवळपास निम्मी साखर फ्रुक्टोज असते, ती आधी यकृतात जाते. व्होग्लिबोज ही आतड्यात साखर फुटणं लांबवणारी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला साधी साखरही लवकर लागू पडत नाही, त्याच्यासाठी खिशात ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. आणि गोळीमुळे उतरलेली शर्करा सावरल्यावरही काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून काहीतरी खाऊ घालावं आणि त्याला पुढे एकटं चालू देऊ नये.