स्लीव्हनंतरच्या गोळ्या आणि एका शब्दाचा घोळ

वजन कमी करण्यासाठी आतड्यालाच वळसा घालण्याची कल्पना १९५०च्या दशकातली. लहान आतड्याचा बहुतेक भाग अन्नाच्या वाटेतून वगळायचा, म्हणजे खाल्लेले अंगी लागणार नाही, असा सरळ हिशेब होता. वजन उतरले, पण जुलाब, मुतखडे आणि जीवनसत्त्वांची कमतरता मागे लागली. काहींचे तर यकृतच निकामी झाले. १९८०च्या सुमारास ही पद्धत जवळपास बंद पडली. तोवर, १९६६ पासून, जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला पुढे जोडणारी बायपास शस्त्रक्रिया आली होती. पुढे १९९०च्या दशकात हे सगळे दुर्बिणीतून होऊ लागले.

या काळात शस्त्रक्रियांची सरधोपट वाटणी झाली. जी खाणे कमी करते ती 'रिस्ट्रिक्टिव्ह', जी शोषण कमी करते ती 'मालॲब्सॉर्प्टिव्ह'. शिकवायला ही विभागणी सोयीची होती, पण माझ्या मते पोषणाच्या बाबतीत सर्वाधिक घोळ याच शब्दांनी घातला.

घोळ स्लीव्हपासून सुरू होतो. स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण पाऊण हिस्सा कापून केळ्यासारखी नळी उरवतात. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ती 'रिस्ट्रिक्टिव्ह'. त्यावरून रुग्णाने, आणि कधीकधी डॉक्टरनेही, काढलेला अर्थ असा: शोषण शाबूत आहे, थोडे दिवस जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या की झाले. प्रत्यक्षात जो भाग कापून टाकतात, त्याच्याच अस्तरातल्या पेशी आम्ल आणि इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारे प्रथिन) बनवतात. आम्ल घटले की अन्नातले लोह नीट विरघळत नाही आणि बी-१२ प्रथिनातून सुटत नाही. इंट्रिन्सिक फॅक्टर घटला की सुटलेले बी-१२ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जात नाही. यकृतातला साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून पहिल्या वर्षीचा रिपोर्ट चांगला येतो आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच सुटतात.

बायपासचीही गंमत अशी की तिला 'मालॲब्सॉर्प्टिव्ह' म्हटले, तरी वजन मुख्यतः कॅलरी न शोषल्यामुळे उतरत नाही. खरा फटका बसतो तो लोह-कॅल्शियमला, कारण अन्न टाळते तो आतड्याचा सुरुवातीचा भाग लोह आणि कॅल्शियम शोषण्याची मुख्य जागा आहे. म्हणजे एका शब्दाने धोका लपवला, दुसऱ्याने तो भलत्याच जागी दाखवला.

२००८ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत स्लीव्ह अजून प्रायोगिक गणली जात होती. २०१३ च्या आवृत्तीत हा शिक्का निघाला आणि स्लीव्हची किमान यादी बायपासच्याच पंगतीत बसली: रोज दोन मल्टीव्हिटॅमिन, १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, किमान ३००० युनिट डी जीवनसत्त्व, एकूण ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट, कारण त्याला आम्ल लागत नाही. ते एकदम न घेता विभागून घ्यायचे आणि लोहापासून दोन तास लांब ठेवायचे. कागदावर सोपे वाटते. दिवसाचे वेळापत्रक मांडायला बसले की घड्याळ कमी पडते. शब्द मात्र जुनेच राहिले.

थायमिनची, म्हणजे बी-१ ची, गोष्ट वेगळी. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर तेवढ्यात तो संपतो, मग नजर दुहेरी होते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूचे नुकसान वाढू शकते. म्हणून आधी थायमिन, तेही शिरेतून, आणि रिपोर्टची वाट न पाहता.

अलीकडे भर पडली ती तांब्याची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले की अनेक जण स्वतःच्या मनाने झिंकच्या गोळ्या सुरू करतात. जास्त झिंक तांब्याचे शोषण अडवते. तांबे घटले की रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात, चाल डगमगते. लक्षणे हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेची असल्याने बी-१२ ची इंजेक्शने चालू राहतात आणि चाल तशीच राहते. नव्या सूचनांत म्हणूनच १ मिलिग्रॅम तांब्यामागे ८ ते १५ मिलिग्रॅम झिंक असे प्रमाण दिलेले असते.