परदेशी सून किंवा जावई: भारतीय नागरिकत्वाचा अर्ज नेमका कधी करता येतो?

अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी पहिल्याच वाक्यात चुकतात. "आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय." सात हा आकडा बरोबर आहे, पण तो लग्नाचा नाही. नागरिकत्व कायदा 1955 मधले कलम 5(1)(क), म्हणजे इंग्रजी मसुद्यातले 5(1)(c), दोन गोष्टी मागते: अर्जदाराचे भारतीय नागरिकाशी लग्न झालेले असावे आणि अर्जापूर्वी सात वर्षे त्याचे सामान्य वास्तव्य भारतात असावे. वर्षे मोजायची ती वास्तव्याची. लग्नाला दहा वर्षे झाली पण संसार दुबईत केला, तर त्या दहा वर्षांतले एकही वर्ष धरले जात नाही. उलट लग्नाआधी रीतसर व्हिसावर इथे शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांचे ते दिवस धरता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता ही सात वर्षे कशी मोजायची ते नीट बघा, कारण सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. कायद्याने त्यांचे दोन तुकडे केले आहेत. अर्जाच्या तारखेच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात सलग काढलेले हवेत. त्या बारा महिन्यांच्या आधीची जी आठ वर्षे, त्यांत मिळून किमान सहा वर्षे भारतात काढलेली हवीत. समजा, 1 जून 2026 ला अर्ज करायचा आहे. मग 1 जून 2025 ते 31 मे 2026 या काळात देशाबाहेर पाऊल टाकायचे नाही. आणि 1 जून 2017 ते 31 मे 2025 या आठ वर्षांत बाहेरचे सगळे दिवस मिळून दोन वर्षांहून जास्त होता कामा नयेत. हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून करा, आठवणीवरून नको. बरोबर सात वर्षांपूर्वी आलेल्या माणसाला एका दिवसाचीही सूट उरत नाही. त्याने मधल्या काळात बाहेर काढलेला प्रत्येक दिवस पुढे भरून काढावा लागतो.

शेवटच्या बारा महिन्यांचे दुःख मी फार जवळून पाहिले आहे. गोव्यातल्या बार्देशातली एक सून, अकरा महिने झालेले, कागद तयार, आणि तिकडे आई अत्यवस्थ झाली. ती गेली, जायलाच हवे होते. परत आल्यावर तिला कोणीतरी सांगितले, "तीस दिवसांची सूट असते, काही होत नाही." 2015 च्या दुरुस्तीने तशी तरतूद आली आहे हे खरे. पण ती सूट हक्क म्हणून मिळत नाही. विशेष परिस्थिती होती अशी केंद्र सरकारची खात्री पटली आणि तशी लेखी नोंद झाली, तरच बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सवलत मिळते. हे दिवस वेगवेगळ्या फेऱ्यांचे असले तरी चालतात. म्हणून इस्पितळाचा कागद, मृत्यूचा दाखला, तिकिटे असे जे असेल ते जपून ठेवा आणि अर्जासोबत स्वतःहून जोडा. तीस दिवसांच्या वर गेलात तर वाद घालण्यात अर्थ नाही. परत आलेल्या दिवसापासून बारा महिने नव्याने मोजायला लागा.

नवरा तारवटी असला, वर्षातले आठ महिने बोटीवर असला, तरी हरकत नाही. मुक्काम मोजतात तो अर्जदाराचा. पण परदेशी जावईच बोटीवर नोकरी करत असेल, तर त्याचा हिशेब बहुधा जुळणार नाही. हे आधीच ओळखा, पैसे आणि उमेद दोन्ही वाचतील.

गोव्यातला खरा खोडा

इतर राज्यांतले सल्ले वाचून इथल्या लोकांची फसगत होते ती एका कारणाने. कलमात "भारतीय नागरिकाशी लग्न" असे आहे, आणि गोव्यातला जोडीदार आज भारतीय नागरिक आहेच असे धरून चालता येत नाही. 20 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना, आणि ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा इथे जन्मले त्यांना, 1962 च्या आदेशाने भारतीय नागरिक मानले गेले. पण त्याच जुन्या जन्मामुळे लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याची वाटही उघडी राहिली, आणि घरोघरी कोणीतरी ती धरली. परदेशाचे नागरिकत्व आपण होऊन घेतले की कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी कोणी नोटीस काढावी लागत नाही. कपाटात जुना भारतीय पासपोर्ट तसाच पडून आहे म्हणून माणूस भारतीय राहत नाही.

एका जोडप्याने वर्षभर कागद जमवले. ती रशियन, तो सासष्टीचा. चौकशीत कळले की लग्नाच्या आधीच त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला होता. तो त्यावर परदेशी गेला नाही, पासपोर्ट वापरलाही नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती गोष्ट घडलीच नव्हती. कलम 5(1)(क) तिला लागू होणे शक्य नव्हते. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी अर्जदाराला नसतो, जोडीदाराला असतो: तुम्ही पोर्तुगालात काही केले आहे का? राग मानू नका आणि लपवूही नका. फक्त जन्मनोंद केली, पासपोर्ट काढला नाही, असे कोणी सांगत असेल तर त्यांनी आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. नागरिकत्व गेले की नाही हा प्रश्न ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. पंचायतीचा किंवा एजंटचा नाही.

जोडीदाराचे नागरिकत्व गेलेच असेल, तरी वाटा आहेत. पूर्वी भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तीला बारा महिने भारतात राहून कलम 5(1)(फ) खाली स्वतःचे नागरिकत्व परत मागता येते. परदेशी जोडीदारासाठी ओसीआयची (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डाची) वाट आहे. भारतीय नागरिकाशी किंवा ओसीआयधारकाशी झालेले, नोंदणी केलेले लग्न सलग दोन वर्षे टिकले असेल, तर ओसीआय मागता येते. ओसीआय मिळून पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात काढले, की कलम 5(1)(ग), म्हणजे इंग्रजीतल्या 5(1)(g), खाली नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. या कलमात जोडीदार भारतीय नागरिक असण्याची अट नाही. ज्यांची सात वर्षे सारख्या येण्याजाण्यामुळे जुळत नाहीत, त्यांनाही हीच वाट सोयीची. मात्र पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःला, आईवडिलांना, आजीआजोबांना किंवा पणजोबा-पणजीला कधीही असेल, तर ओसीआय मिळत नाही. आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही, लग्न मोडले तर कार्ड रद्दही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे उपयोगी पडते. आईवडिलांपैकी एकाचा जन्म गोव्यातला असेल, तर मोझांबिकमध्ये किंवा लिस्बनमध्ये जन्मलेली सूनही कायद्याने भारतीय वंशाची ठरते, कारण 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात आलेला प्रदेशही व्याख्येत धरला आहे. तिला कलम 5(1)(अ) खाली अर्ज करता येतो. मुक्कामाचा हिशेब तोच सात वर्षांचा, पण जोडीदाराच्या नागरिकत्वावर काही अवलंबून राहत नाही.

कागदपत्रे

अर्जदाराचा वैध परदेशी पासपोर्ट, निवासाचा परवाना, जोडीदाराचा भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि अर्जदाराच्या वर्तणुकीबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे. यादी छोटी आहे. अडते ते दोन ठिकाणी.

पहिले, विवाह प्रमाणपत्र. गोव्यात देवळात लागलेले लग्न नागरी नोंदणीशिवाय कायद्यात धरले जात नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणे. त्यानंतर नोटीस लागते, मग दुसरी सही. पहिली सही करून, हॉलमध्ये धुमधडाक्यात लग्न लावून, दुसरी सही राहूनच गेली अशी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे फोटोंचे तीन अल्बम असतात आणि प्रमाणपत्र नसते. ओसीआयची दोन वर्षे मोजतानाही नोंदणी झालेले लग्नच लागते. आजच आपला कागद उघडून बघा.

दुसरे, नावे. जोडीदाराच्या वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत प्रभूचे पोरोब झालेले असते, कामतचे कामोतीम, शेणवीचे सिनाय. मुलाच्या पासपोर्टवर तिसरेच काही. कारकून एक अक्षर दाखवून फाईल परत करतो, आणि चार महिन्यांनी दुसरे अक्षर दाखवतो. सगळे फरक एकदमच का सांगता येत नाहीत, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. तुम्हीच आधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येक स्पेलिंग ताडून बघा आणि सर्व रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे एकच प्रतिज्ञापत्र करून घ्या. पोर्तुगीजमधल्या दाखल्यांचे इंग्रजी भाषांतरही तेव्हाच करून ठेवा.

नेपाळच्या सुनांची अडचण निराळी. त्यांना यायला व्हिसा लागत नाही, म्हणून पासपोर्टात शिक्का नसतो आणि मुक्काम सिद्ध करायला हातात काही नसते. त्यांनी पहिल्या वर्षापासून भाडेकरार, बँकेचे पुस्तक, इस्पितळाचे कागद असे जे स्वतःच्या नावाचे मिळेल ते वर्षवार लावून ठेवावे.

भाषेची धास्ती सोडा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी ही अट कलम 6 च्या देशीयकरणाला (दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व मिळण्याला) आहे, लग्नाच्या कलमाला नाही. कोंकणी, मराठी शिका, जरूर शिका, पण अर्ज त्यासाठी थांबवू नका.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. व्हिसा संपल्यावर एक दिवसही राहू नका. मुदत उलटून राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरित ठरते आणि कलम 5 अशा व्यक्तीसाठी नाहीच. त्या काळात मूल जन्मले तर घाव मुलालाही लागतो: 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेले मूल नागरिक ठरण्यासाठी एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. दुसरे, मतदार यादीत नाव घालू नका. "आधार आहे ना, मग कार्ड काढून देतो," असे सांगणारे भेटतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. नागरिकत्वाच्या अर्जात खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रत आणि मूळ कागद आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवायचे. मग पोलीस चौकशी, राज्य सरकार, दिल्ली.

दिल्लीहून स्वीकृतीपत्र येईपर्यंत आपले जुने नागरिकत्व सोडू नका. अर्जात लिहून द्यायचे असते ते एवढेच, की मंजुरी मिळाल्यास सोडीन. उत्साहाच्या भरात आधीच वकिलातीत पासपोर्ट जमा करणारा माणूस मधल्या काळात कुठल्याच देशाचा राहत नाही, आणि त्याला पुन्हा उभे करणे अतिशय अवघड असते. स्वीकृतीपत्र हातात आल्यावर जुने नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणा, शुल्क भरा, निष्ठेची शपथ घ्या. त्यानंतर नोंदणी प्रमाणपत्र मिळते. त्यावरच्या नावाचे अक्षर न् अक्षर कार्यालयातून बाहेर पडण्याआधी वाचा, आणि मतदार यादीसाठी फॉर्म 6 भरायचा तो हे प्रमाणपत्र हातात आल्यावरच.