अब्जांश औषधवाहक, यकृत कर्करोगातील

कर्करोगविरोधी औषध अतिसूक्ष्म कणांत कोंडून अथवा कणांना जोडून यकृतातील अर्बुदापर्यंत (कर्करोगाच्या गाठीपर्यंत) नेण्याची पद्धती. कणांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) सांगण्याचा प्रघात असला, तरी औषधनिर्मितीत काहीशे नॅनोमीटरचे कणही यातच धरतात. रोहिणीतून (धमनीतून) सोडले जाणारे औषधभारित मणी आणि किरणोत्सारी इट्रियम-९० चे गोलक मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात. त्यांची गणना येथे करू नये. वाहक म्हणून मेदाच्या दुहेरी थराचे लायपोसोम, बहुवारिके (पॉलिमर), अल्ब्युमीन, सिलिका इ. वापरतात.

शिरेतून दिलेल्या कणांपैकी बराच मोठा वाटा आपोआपच यकृतात जातो. त्यामुळे हा अवयव सोपे लक्ष्य वाटतो, पण कण पकडतात त्या तेथील कुप्फर भक्षिपेशी; अर्बुदाच्या वाट्याला फार थोडे येतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिल्यास कण रक्तात अधिक काळ टिकतात. निरोगी यकृताच्या केशवाहिन्यांच्या भित्तींना कण बाहेर पडू देणारी सूक्ष्म छिद्रे असतात. बहुतेक रुग्णांना आधीच यकृतसूत्रण रोग (सिऱ्हॉसिस) झालेला असतो आणि त्यात ही छिद्रे बुजत जातात. शिवाय निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल नीलेतून मिळते, तर अर्बुद मुख्यतः यकृत रोहिणीवर पोसते.

कण अर्बुदात शिरतात कसे, हा वादाचा विषय आहे. जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, अर्बुदाच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात व लसीकेचा (ऊतकांतील जादा द्रवाचा) निचरा अपुरा असतो. म्हणून मोठे रेणू तेथे झिरपतात आणि साचून राहतात. याच विचारातून आलेले स्मँक्स (बहुवारिकाला जोडलेले निओकार्झिनोस्टॅटिन हे कर्करोगविरोधी औषध) १९९३ च्या सुमारास जपानमध्ये यकृत कर्करोगासाठी मान्य झाले. ते खसखशीच्या आयोडीनयुक्त तेलात मिसळून नळीवाटे थेट यकृत रोहिणीत सोडत. तेल अर्बुदात दीर्घकाळ रेंगाळे आणि क्ष-किरण चित्रात त्याचा ठिपका स्पष्ट दिसे. या यशात गळतीचा वाटा किती आणि तेलाचा व रोहिणीमार्गाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. केवळ त्यावरून शिरेतून दिलेल्या कणांविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात दिलेल्या मात्रेचा मध्यक ०.७ टक्के एवढाच भाग अर्बुदात पोचल्याचे दिसले. मोजमापाच्या या रीतीवर आक्षेप घेतले गेले आहेत. टोराँटो येथील गटाने २०२० मध्ये उंदरांच्या अर्बुदांत फटी फारच विरळ असल्याचे व बहुतेक कण रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या (अंतःस्तर) पेशींमधून सक्रियपणे नेले जात असल्याचे दाखविले. मूळ कल्पना सर्वस्वी बाद झालेली नाही, परंतु मानवी अर्बुदांत गळतीचे प्रमाण रुग्णागणिक, किंबहुना एकाच अर्बुदात जागोजागी बदलते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मानवी चाचण्यांपैकी उष्णतासंवेदी लायपोसोमची विशेष बोधप्रद आहे. अर्बुदात सुई खुपसून रेडिओलहरींनी मध्यभाग जाळला जातो; कडेचा भाग मात्र फक्त तापतो. त्या कडेतून वाहणारे लायपोसोम ४० अंश से.च्या आसपास वितळून डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगविरोधी औषध सोडतात. ७०१ रुग्णांवरील पहिली मोठी चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली. जास्त वेळ तापविलेल्या रुग्णांना लाभ झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले म्हणून किमान ४५ मिनिटांची अट घालून ५५६ रुग्णांवर दुसरी घेतली. तिच्यातूनही २०२० मध्ये अपेक्षित लाभ दिसला नाही. सायनोॲक्रिलेट बहुवारिकात भरलेल्या डॉक्सोरुबिसिननेही आयुर्मान वाढले नाही (२०१७). सूक्ष्म आरएनए (जनुकांच्या कार्याचे नियमन करणारे छोटे रेणू) वाहणाऱ्या लायपोसोमची प्राथमिक चाचणी गंभीर प्रतिरक्षाजन्य दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबविली गेली.

कणावर गॅलॅक्टोज बसविल्यास तो यकृतपेशींवरील असायलोग्लायकोप्रोटीन ग्राहीला (विशिष्ट रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. मात्र ही ग्राही निरोगी पेशींवरही असते आणि ज्यांच्या पेशींचे मूळ यकृतपेशींशी साम्य फारसे उरलेले नसते अशा अर्बुदांत कमी होते. म्हणून मुख्यतः अर्बुदपेशींवर आढळणाऱ्या ग्लिपिकन-३ या प्रथिनाकडे लक्ष वळले आहे.

यकृतपेशीपर्यंत माल पोचविणे अशक्य नाही, हे मेदकणांत भरलेल्या पॅटिसिरान या औषधाने (२०१८) सिद्ध केले. ते आनुवंशिक अ‍ॅमिलॉइड रोगासाठी असून मेदकण रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई अंगावर घेऊन निरोगी यकृतपेशींत शिरतात.